ती व्यक्ती

शेळगीच्या समाजमंदिरात त्या दिवशी जमलेल्या बायकांपैकी कुणाच्याच कपाळाला कुंकू नव्हतं. कुणी विभूतीची बोटं ओढून आली होती, कुणी डोक्यावरून ओढणी घेतलेली, कुणी नुसतीच. सगळ्या नवरा गेलेल्या, साठीच्या अलीकडच्या-पलीकडच्या. समोर झीनत मॅडम उभ्या होत्या. त्यांना सगळे डॉक्टर म्हणायचे, पण त्या गोळ्या-इंजेक्शनवाल्या डॉक्टर नव्हेत. कॉलेजात मानसशास्त्र शिकवायच्या.

शिवबाईंना त्यांच्या सुनेनं, काव्यानं आणलं होतं. सासरे जाऊन दोन वर्षं झाली तरी अत्याबाई, म्हणजे सासूबाई, दुपारभर भिंतीकडं बघत बसतात, जेवायला हाक मारली तर दचकतात, हे काव्याला बघवत नव्हतं.

"घरातलं माणूस गेलेल्या बाईकडं दर आठवड्याला कुणीतरी येऊन तासभर बसलं, बोललं," मॅडम सांगत होत्या, "तर तिचं दुःख हलकं होतं का, हे आम्हाला बघायचंय. होतंच, असं सगळे म्हणतात. पण आपण ते बघून मग म्हणू. त्यासाठी तुमचे दोन गट करायचेत. एका गटाकडं दर आठवड्याला बोलायला बाई येईल. दुसऱ्या गटाकडं ती येणार नाही. प्रश्न मात्र दोन्ही गटांना अधूनमधून विचारू, तेच आणि तसेच. कोण कुठल्या गटात, ते चिठ्ठीनं ठरेल."

"चिठ्ठी कशाला?" मागून एक बाई म्हणाली. "जिला जास्त गरज हाय तिच्याकडं पाठवा की."

मॅडम हसल्या. "मावशी, समजा तुम्ही नवं बी आणलं, आणि ते सगळं काळ्या कसदार रानात पेरलं. जुनं बी माळावर टाकलं. पीक नव्याचं चांगलं आलं. मग ते बियाणामुळं म्हणायचं का रानामुळं?"

"रानामुळं," शिवबाई आपल्याशीच पुटपुटल्या. मंद्रूपच्या शेतकऱ्याची लेक. त्यांना हे फोड करून सांगायची गरज नव्हती.

मॅडमांनी आणखी एक गोष्ट दोन-दोनदा सांगितली. नको वाटलं तर कुणीही, कधीही मधूनच सोडावं. का सोडलं, ते कुणी विचारणार नाही. नावं बाहेर जाणार नाहीत. मग एकेकीला आतल्या खोलीत बोलावून बंद पाकीट उघडलं जाऊ लागलं. शिवबाईंच्या पाकिटात निघालं, नुसते प्रश्न.

"म्हंजे माझ्याकडं बोलाय कोण येणार न्हाय?"

"प्रश्न विचारायला येईल, आजी. बोलायला नाही." मॅडमांचा आवाज जरा उतरला. "वर्षभरानं अभ्यास संपला आणि ह्याचा खरंच उपयोग होतो असं दिसलं, तर तुमच्या गटालाही देऊ. शब्द देते."

समजत सगळं होतं, पण लागायचं ते लागलंच. रिक्षात बसल्यावर शिवबाई सुनेला म्हणाल्या, "चिठ्ठीतसुदिक माज्या वाट्याला माणूस येत न्हाय बघ."

पंधरवड्यानं अक्षता आली. मॅडमांच्या हाताखाली काम करणारी, चष्मा लावणारी, हळू बोलणारी पोरगी. उंबरा ओलांडायच्या आतच म्हणाली, "आजी, एक विनंती. तुमच्याकडं कुणी बोलायला येतं का नाही, ते मला सांगायचं नाही. मला ते कळलं तर तुमचं उत्तर मी वेगळ्या कानानं ऐकेन."

शिवबाईंना नेमकी तीच तक्रार करायची होती. ती त्यांनी गिळली.

अक्षतानं खुर्ची ओढून घेतली आणि वाचायला लागली. "तुमच्या जवळची जी व्यक्ती तुमच्यापासून दुरावली, तिच्याबद्दल हे प्रश्न आहेत. ती व्यक्ती तुम्हाला आठवते का? कधीच नाही, कधीकधी, बऱ्याचदा, नेहमी."

शिवबाई ऐकत राहिल्या. ती व्यक्ती. दुरावली.

"नेहमी," त्या म्हणाल्या.

"तिचा आवाज कानात येतो असं वाटतं का?"

"नेहमी."

"रोजचं काम करताना ती जवळ नाही हे जाणवून काम थांबतं का?"

शिवबाईंनी पदर तोंडाला लावला. एवढ्या दिवसांत हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. "थांबतं की गं. हात तितंच राहतोय."

अक्षतानं मान हलवली नाही, च्‌ च्‌ केलं नाही, की "असू दे, होतं असं" म्हणाली नाही. पुढचा प्रश्न वाचला. तिला तसंच शिकवलं होतं. एकीला गोंजारून विचारायचं आणि दुसरीला कोरडेपणानं, असं चालायचं नाही. पण जाताना चहाचा कप तिनं स्वतः मोरीत नेऊन विसळला.

त्या दिवशी शिवबाई किती तरी दिवसांनी पोटभर जेवल्या. काव्याला वाटलं, मामंजींबद्दल बोलून मन मोकळं झालं असेल.

पण शिवबाईंच्या डोळ्यांपुढं त्यांचे यजमान गुरुबसप्पा आलेच नव्हते. आली होती निंगव्वा, त्यांची थोरली जाऊ.

गुरुबसप्पा भला माणूस. मार्केट यार्डात आडत दुकानावर दिवाणजी होते. सकाळी डबा घेऊन जायचे, संध्याकाळी येऊन हातपाय धुवायचे, लिंगपूजा करायचे, जेवून झोपायचे. बायकोवर कधी हात उचलला नाही, आवाजही चढवला नाही. ते गेले तेव्हा शिवबाई रडल्या, आणि ते रडणं खरं होतं. पण त्यांचं जाणं म्हणजे घराच्या पुढच्या खोलीतला दिवा गेल्यासारखं झालं. आतल्या खोलीत अजून उजेड होता. तो पुढं चार महिन्यांनी गेला. निंगव्वाचा मुलगा नंदीश हुबळीला रेल्वेत कायम झाला, त्यानं घर केलं आणि आईला घेऊन गेला.

निंगव्वा मूळची इंडीकडची. ह्या घरात आली तेव्हा तिला मराठीचा शब्द येत नव्हता. पाच-सहा वर्षांनी धाकट्या भावाचं लग्न होऊन शिवबाई आल्या. मंद्रूपला अर्धं गाव कानडी बोलतं, तेव्हा त्यांना दोन्ही येत होतं. नवीन नवरी पहिल्याच दिवशी चुलीपुढं येऊन कानडीत म्हणाली, "अक्का, मी काय करू?" तेव्हा निंगव्वानं हातातली परात खाली ठेवली आणि तिच्याकडं असं बघितलं, जणू माहेराहून कुणी निरोप घेऊन आलंय. त्या दिवसापासून निंगव्वा 'अक्का' आणि शिवबाई 'शिवव्वा'.

पुढं दोघींनी कडक भाकरीचं काम धरलं. दुकानांना लागायच्या तेवढ्या भाकऱ्या रोज. निंगव्वा थापायची, शिवबाई भाजायच्या. ज्वारीचा पातळ पापुद्रा एका हातातून दुसऱ्या हातात जायचा आणि त्याबरोबर बोलणं चालू असायचं. कुणाच्या लग्नात काय झालं, कुणाची म्हैस अडली, निंगव्वाचे यजमान चनबसप्पा कसे घोरायचे. थोरले चनबसप्पा लवकर गेले, तेव्हा निंगव्वा महिनाभर बोलली नाही. शिवबाईच एकट्या दोघींचं बोलायच्या. भांडणंही झाली. एकदा सबंध श्रावण अबोला होता. पण भाकरी हातातून हातात जात राहिली. जावाजावांचं पटत नाही असं जग म्हणतं. ह्या दोघींना कुणी विचारलं नाही, आणि त्यांनीही कुणाला सांगितलं नाही.

जायच्या आधीच निंगव्वाचे कान गेले होते. कानात घालायचं यंत्र तिनं दोन दिवसांत काढून फेकलं. शिट्ट्या वाजतात म्हणाली. त्यामुळं फोन म्हणजे नुसता खेळ. नंदीशनं व्हिडिओ कॉल लावून दिला की ती मोबाईल असा धरायची की इकडं छताचा पंखाच दिसायचा, आणि मोठ्यानं विचारायची, "शिवव्वा, उंडी?" जेवलीस का? शिवबाई हो म्हणायच्या. तिला ऐकू जायचं नाही. ती पुन्हा विचारायची.

घरात कानडीत बोलणारं कुणी उरलं नव्हतं. मुलगा बसू आणि काव्या, दोघांना समजायचं, पण उत्तर मराठीतच. गुरुबसप्पांच्या दुःखाला सगळी पेठ येऊन गेली होती. जाऊ गावाला गेली म्हणून सांत्वनाला कोण येणार?

तीन महिन्यांनी अक्षता पुन्हा येणार होती. त्या आठवड्यात शिवबाईंनी दोनदा काव्याला विचारलं, "त्या पोरीचा फोन आलता का गं?" ती आली तेव्हा ठेवणीतलं पातळ नेसून त्या दाराशीच बसल्या होत्या. तेच प्रश्न, तशीच उत्तरं. ती, तिचा, तिची. पोरगी काहीच बोलत नव्हती, पण सबंध सोलापुरात ही एकटीच होती जी अक्काचं नाव न घेता अक्काबद्दल विचारत होती.

तिसऱ्या खेपेला घोटाळा झाला. कागदाच्या शेवटी एक नवा भाग होता, सगळ्यांना ह्या टप्प्यावरच विचारायचा ठरलेला. अक्षतानं वाचलं, "ती व्यक्ती आता परत येणार नाही, हे मनाला पटतं का?"

शिवबाई ताडकन म्हणाल्या, "का येणार न्हाय? तिकीट काडलं की येतंय की! हुबळीस्नं गाडी हाय."

अक्षताचं पेन थांबलं. तिनं प्रश्न पुन्हा वाचला, अक्षर न् अक्षर तसाच.

"अगं जिवंत हाय ती. धडधाकट हाय. नुसतं ऐकायला येत न्हाय."

अक्षतानं शिवबाईंचं बोलणं होतं तसं लिहून घेतलं, राहिलेले प्रश्न पुरे केले, आणि मगच कागद मिटून हळूच विचारलं, "ती म्हणजे कोण?"

"माजी जाऊ. निंगव्वा."

"हे प्रश्न आजोबांबद्दल होते, आजी."

"मग 'ते' म्हनायचं! तू 'ती ती' करत हुतीस. मला वाटलं, तुमाला ठावं हाय."

अक्षताच्या चेहऱ्यावर हसू का रडू ते ठरेना. व्यक्ती हा शब्द बाईमाणसासारखा चालतो, हे तिला शाळेपासून माहीत होतं. पण त्या 'ती'मधून असं कुणी चालत येईल, हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. "हे मला मॅडमना सांगावं लागेल," ती म्हणाली. "सांगू ना?"

ती गेल्यावर शिवबाई दाराशीच बसून राहिल्या. आपण खोटं बोललो असं झालं का? आता नाव काढून टाकतील. आणि मग ते प्रश्न पुन्हा कोण विचारणार?

दोन दिवसांनी झीनत मॅडम स्वतः आल्या. शिवबाईंनी त्यांना बसूही दिलं नाही.

"चुकलं माजं. बदलून घ्या सगळं. त्यांची आठवण येतीय कधीकधी, असं लिवा. त्ये बी खरंच हाय."

"बदलता येत नाही, आजी. दिलेलं उत्तर आम्ही बदलत नाही."

"मग काडून टाका माजं नाव."

"तेही मी करू शकत नाही. तुम्हाला सोडायचं असेल तर आत्ता सोडा, तो तुमचा हक्क आहे. पण मी माझ्या मनानं काढणार नाही. कुणाची उत्तरं धरायची आणि कुणाची नाही, हे आम्ही सुरुवात करायच्या आधीच ठरवून ठेवलंय. आता मध्येच मला गैरसोयीचं एक उत्तर काढलं, की उद्या दुसरं काढावंसं वाटेल. शेवटी जे मला हवं होतं तेवढंच हातात राहील." मॅडम खुर्चीवर टेकल्या. "चूक प्रश्नाची आहे. आधी आम्ही काही बायकांना विचारून बघितलं होतं. त्यांना दुसरं कुणी आठवलं नाही, म्हणून आम्ही निर्धास्त राहिलो. आता हिशोब दोन्ही तऱ्हेनं मांडू, तुमची उत्तरं धरून आणि न धरता. आणि दोन्ही सांगू."

काव्या पाणी घेऊन आली होती. ती दारातच उभी राहून सगळं ऐकत होती. तिचा चेहरा पडला होता. "मॅडम, तुम्ही नंदीशभावजींना एक फोन करा ना. तुमचं ऐकतील. मोठ्या अत्याबाईंना महिनाभर हिकडं पाठवा म्हणावं."

मॅडमांनी पाण्याचा पेला हातात घेतला. "मला करावासा वाटतोय. पण एकीसाठी मी असं काही केलं तर अभ्यासाचं रानच बदललं. जिवाला धोका असता तर सगळं बाजूला ठेवून केलं असतं." मग त्या शिवबाईंकडं वळल्या. "आम्ही करणार नाही, एवढंच. तुम्ही काय करायचं, त्याला आमची कसलीच अट नाही. तुम्ही तुमचं आयुष्य जगायचं."

ते वाक्य शिवबाईंच्या मनात आठवडाभर फिरत राहिलं. रविवारी बसू पेपर वाचत बसला होता, तेव्हा त्या त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मला हुबळीला न्हेऊन सोड."

"काय झालं? मोठी काकू बरी हाय की. परवाच नंदीश बोलला."

"बरी हाय. मला जायचंय."

"अगं, निमित्त काय? लग्न न्हाय, बारसं न्हाय. तुजे गुडघे असले. जावेला बघायला एवढं लांब कोण जातंय?"

"आठवण येतीय मला तिची," शिवबाई म्हणाल्या. "नेहमी."

बसूनं पेपर खाली घेतला. आईच्या तोंडून असलं वाक्य त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं. त्यानं मोबाईल काढला आणि हुबळीची गाडी बघायला लागला.

होटगी सुटून गाडी विजापूरच्या अंगाला लागली, तसे डब्यात कानडी आवाज वाढत गेले. शिवबाई खिडकीशी बसून नुसत्या ऐकत होत्या. समोरची बाई नातवाला रागावत होती, तेही त्यांना गोड लागत होतं.

नंदीशचं घर तिसऱ्या मजल्यावर. त्याची बायको दाक्षायणी दार उघडून "या या" म्हणाली. आत निंगव्वा दाराकडं पाठ करून मेथी निवडत बसली होती. तिला काहीच ऐकू गेलं नव्हतं. शिवबाई तिच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या. मानेवरचे केस पार पांढरे झाले होते, खांदे बारीक झाले होते. हात लावायचं त्यांना धाडसच होईना. शेवटी दाक्षायणीनंच पुढं होऊन बोटानं दाखवलं.

निंगव्वा वळली. बघत राहिली. मग मेथीच्या हातांनीच तिनं शिवबाईंचं तोंड धरलं आणि घरभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं विचारलं, "याक बंदी, शिवव्वा?"

का आलीस? शिवबाईंनी सांगितलं. दोनदा सांगितलं. निंगव्वा त्यांच्या ओठांकडं बघत राहिली आणि मान हलवून हसली. तिला काही समजलं नव्हतं.

तीन दिवस निंगव्वाच बोलत होती. सुनेचा भात कसा गिच्च होतो, खालच्या मजल्यावरची बाई किती चांगली, नातू काय काय बोलतो. शिवबाईंनी दोन वर्षांचं साठवून नेलं होतं, ते तसंच राहिलं. लिहून दाखवावं तर निंगव्वाला वाचता येत नव्हतं. सोमवारी ती शेजारणींबरोबर देवळात निघाली, शिवबाईंनाही हाताला धरून नेलं. पायरीवर बसलेल्या बायकांना ती एकेकीला सांगत सुटली, "ईकि नन्न तंगी." ही माझी धाकटी बहीण. बायका कौतुकानं बघत होत्या, निंगव्वाला टाळी देत होत्या, तिच्या बहिरेपणाची सवय असल्यासारख्या खुणांनी बोलत होत्या. अक्काला इथं करमलं होतं. शिवबाईंना त्यानं बरं वाटलं, आणि त्याचबरोबर आत काहीतरी बारीक टोचलं.

निघताना सगळे नको म्हणत असताना निंगव्वा तिन्ही मजले उतरून खाली आली. रिक्षाच्या दांडीला धरून तिनं विचारलं, "मत्त यावाग बर्ती?" पुन्हा कधी येशील? शिवबाई काही खूण करणार तोवर रिक्षा हलली.

शेवटच्या फेरीला अक्षता आली तेव्हा शिवबाई विचार करून उत्तरं देत होत्या. ती व्यक्ती आठवते का?

"नेहमी." मग त्या थांबल्या. "मला वाटलं हुतं, जाऊन आले म्हंजे कमी हुईल. जास्तच झालंय. हे लिवून घे."

अक्षतानं लिहून घेतलं.

उन्हाळ्यात मॅडमांनी सगळ्यांना पुन्हा समाजमंदिरात बोलावलं. जे निघालं ते आधी तुम्हाला सांगणार, मग बाहेर, म्हणाल्या. "दर आठवड्याला बोलायला बाई आली त्या गटाचं दुःख, न आलेल्या गटापेक्षा कमी झालं असं दिसलं नाही. दोन्ही गटांचं थोडं थोडं कमी झालं. कशामुळं, ते मला ह्या अभ्यासावरून सांगता येणार नाही."

अभ्यासाला मदत करणाऱ्या संस्थेचे एक गृहस्थ पहिल्या रांगेत होते. ते म्हणाले, "मॅडम, थोडं तरी चांगलं निघालं असेल की. काही जणींना तर फायदा झालाच ना?"

"झाला. मी त्याच तेवढ्या वेचून दाखवल्या तर तुम्हाला आवडेल," मॅडम म्हणाल्या, "पण ते खरं असणार नाही."

एक बाई उठून म्हणाली, "पन माज्याकडं ती बाई बोलाय यायची तवा मला लई बरं वाटायचं." मॅडम म्हणाल्या, "ते बरं वाटणं खोटं नाही, मावशी. आम्ही जे मोजायला गेलो होतो, ते आम्हाला सापडलं नाही, एवढंच." मग त्यांनी प्रश्नातली चूक सांगितली. 'ती व्यक्ती' म्हटल्यावर काहींच्या मनात नवऱ्याऐवजी दुसरंच कुणी आलं होतं. पुन्हा एकेकीला विचारल्यावर अशा आणखी दोघी निघाल्या. एकीनं सबंध वर्ष आईबद्दल सांगितलं होतं, एकीनं लग्न होऊन गेलेल्या लेकीबद्दल. नावं मॅडमांनी घेतली नाहीत.

शिवबाईंनी सगळ्या खोलीवरून नजर फिरवली. चाळीस-पन्नास चेहरे. त्यातल्या त्या दोघी कोण, हे विचारायचं नव्हतं, आणि विचारावंसं फार वाटत होतं. आपल्या गटाला आता बोलायला बाई येणार नाही, हेही तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं.

अक्षता पुढं सांगलीला नोकरीला गेली. जायच्या आधी एकदा येऊन गेली. कागद नव्हता, पेन नव्हतं. शिवबाईंनी तिला निंगव्वाची कितीतरी दिवस पोटात ठेवलेली सगळी हकीकत सांगितली, आणि ती मान हलवत, मधेच हसत, मधेच डोळे पुसत ऐकत बसली.

आता वर्षातून दोन-तीनदा शिवबाई हुबळीला जातात. बसू तिकीट काढून देतो, कुरकुर करत नाही. परत आल्यावर आठ-दहा दिवस त्यांना घर खायला उठतं, मग सवय होते, मग पुन्हा हुबळीची ओढ लागते. काव्या हल्ली भाजी निवडताना एखादं वाक्य कानडीत बोलून बघते. चुकतं. शिवबाई दुरुस्त करतात.

मागच्या खेपेला स्टेशनवर पेठेतली एक ओळखीची बाई भेटली. पिशवी बघून म्हणाली, "कुटं, लेकीकडं निघालात व्हय?"

"मला लेक कुटली? जावेकडं."

"जावेकडं?" बाईला खरंच वाटेना. "काय कार्य हाय का?"

"कार्य न्हाय," शिवबाई म्हणाल्या. "जावेकडं निघालेय." गाडी लागली होती. त्यांनी दांडीला धरलं, दुखरा गुडघा आधी वर टाकला आणि डब्यात चढल्या.